ताई, तुमचा 'ए' राहिला

पत्र असं आलं आहे:

"मी खानापूर तालुक्यातली. घरी शिवणकाम करते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. मुलगी धारवाडला होस्टेलवर आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी 'तोकी पोना' नावाची एक बनवलेली छोटी भाषा शिकतात. सुटीत आली तेव्हा तिने मला शब्दांची वही करून दिली. म्हणाली, आई, सगळी भाषा या एका वहीत मावते, तू शीक, मग आपण दोघी त्यात बोलू. मशीनवर बसल्या बसल्या नव्वदेक शब्द पाठ केले. पण वाक्य जमत नाही. 'मी भात खाते' असं लिहायचं म्हणून 'मी पान मोकू' पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'मामा ओ, सिना पान आला. सिना यान.' मला वाटलं माझा भाऊ तिच्याकडे गेलाय. फोन केला तर तो निपाणीत, आपल्या दुकानात. वहीत 'आला'चा अर्थ वेगळा आहे हे नंतर बघितलं. परवा पुन्हा आलं, 'मामा ओ, सिना मोकू आला मोकू?' त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मराठी बोलते, कन्नड कळते, हिंदी येते. मग ही एवढीशी भाषा का अडते? माझं शिकायचं वय गेलं का?"

ताई,

वय गेलेलं नाही. मशीन चालवता चालवता नव्वद शब्द पाठ करणाऱ्या बाईने हा प्रश्न मनातसुद्धा आणू नये. शब्द तुम्हाला आलेत. अडतंय ते वाक्य, आणि ते मराठी-कन्नड ऐकत वाढलेल्या आपल्यातल्या कोणाचंही तिथेच अडेल. मी बेळगावात कितीतरी वर्षं मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं. तरी या भाषेचं वाक्य मनात पक्कं बसायला मला तीन आठवडे लागले.

आधी तुमच्या वाक्याचं काय झालं ते बघू. 'मी' म्हणजे मी. आपली आणि त्यांची 'मी' एकच निघाली, याचं मला पहिल्या दिवशी फार अप्रूप वाटलं होतं. 'पान' म्हणजे धान्य आणि त्याचं जे जे होतं ते: भात, भाकरी, पाव. 'मोकू' म्हणजे खाणं. तुम्ही ते आपल्या क्रमाने ठेवलं: मी, भात, खाते. पण ती भाषा जाणणारा वाचताना 'मी'पाशी थांबतो आणि पुढचं सगळं 'मी'बद्दल सांगितलंय असं धरतो. 'पान मोकू' म्हणजे खायचं धान्य. एकूण वाक्य झालं, "मी खायचं धान्य आहे." म्हणून लेकीने लिहिलं, "आई, तू धान्य नाहीस. तू माणूस आहेस." त्या भाषेत 'मामा' म्हणजे आई किंवा वडील, 'ओ' ही हाक, 'आला' म्हणजे नाही आणि 'यान' म्हणजे माणूस. मला तर तिचं हे उत्तर फार आवडलं. तुमचं वाक्य जसं होतं तसंच तिने वाचलं आणि मायेने दुरुस्त केलं.

बरोबर वाक्य असं: 'मी मोकू ए पान.'

खाणं आधी आलं, भात नंतर, आणि मध्ये एक 'ए'. हे असं का, ते एकदा मनात उतरलं की पुढचं अवघड राहत नाही. म्हणून इथे जरा थांबते.

"मुलीने मांजराला बघितलं" हे वाक्य घ्या. उलटं करा: "मांजराला मुलीने बघितलं." आणखी फिरवा: "बघितलं मुलीने मांजराला." कोणी कोणाला बघितलं यात काही फरक पडतो का? नाही. कारण 'ने' आणि 'ला' त्या शब्दांना चिकटून त्यांच्याबरोबर फिरतात. कन्नडची तीच गत. "मनेगे होगुत्तेने" म्हणा की "घरी जाते" म्हणा, घर कुठे बसतं हे 'गे' आणि 'ई' सांगतात, आणि क्रियापद दोन्हीकडे शेवटी. "ऊट आयता?" आणि "जेवण झालं?" एकाला दुसरं शब्दाला शब्द लावून चालतं. आपल्याकडचं पोर गल्लीत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारतं ती याच बळावर. तुम्ही म्हणता तीन भाषा येतात, पण वाक्याच्या बांधणीत या तिन्ही सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून चौथीला त्यांचा उपयोग झाला नाही.

तोकी पोनाच्या शब्दाला काही म्हणजे काहीच चिकटत नाही. 'यान' म्हणजे एक माणूस किंवा दहा माणसं, बाई किंवा बुवा. 'मोकू' म्हणजे खाल्लं, खाते, खाईन, खाणं आणि खाण्याची वस्तूसुद्धा. तुम्ही शिवता, म्हणून शिवणाच्या भाषेत सांगते. ब्लाउजचे तुकडे बेतून चटईवर कसेही पसरले तरी तुमचा हात बाही बरोबर उचलतो, कारण बाहीचा आकारच बाहीचा असतो. आपले मराठी शब्द असे बेतलेले असतात. तोकी पोनाचे शब्द म्हणजे वाकळीचे तुकडे. सगळे चौकोनी, सगळे एका मापाचे. तुकडा काय आहे हे तो कुठे जोडला त्यावरून ठरतं, आणि जोड दिसावा म्हणून मध्ये शिवण घालावी लागते. 'ली' आणि 'ए' या त्या शिवणी.

पहिली शिवण 'ली'. ती कोणाबद्दल बोलतोय तो भाग आणि काय सांगतोय तो भाग यांच्यामध्ये येते. 'तोमो' म्हणजे घर, 'सुली' म्हणजे मोठं. 'तोमो सुली' एवढंच लिहिलं तर नुसतं "मोठं घर". वाक्य अजून सुरूच झालं नाही, वाचणारा विचारील, बरं मग, त्या मोठ्या घराचं काय? 'तोमो ली सुली' लिहिलं की "घर मोठं आहे." शब्द तेच, पण मध्ये शिवण पडली आणि वाक्य उभं राहिलं. इथे आपल्याला एक फायदा आहे बरं का. इंग्रजीची सवय असलेला माणूस 'आहे'साठी शब्द शोधत बसतो, आणि तसा शब्द या भाषेत नाहीच. आपण रोजच त्याशिवाय बोलतो: "घर मोठं, अंगण लहान." "मी शिक्षिका." म्हणून 'सिना यान' हे वाक्य पुरं आहे: तू माणूस.

पण तिथे 'ली' का नाही, असं तुम्ही विचाराल. कारण कर्ता एकटा 'मी' किंवा एकटा 'सिना' असेल तर 'ली' गाळतात. फक्त या दोघांपुरतं. 'ओना' म्हणजे तो, ती, ते. त्याला 'ली' लागतोच: 'ओना ली मोकू.' आणि मी-तू जोडीने आलो तरी लागतो: 'मी एन सिना ली मोकू', म्हणजे मी आणि तू जेवतो. 'एन' म्हणजे 'आणि', पण फक्त कर्ते जोडणारा. दोन कामं सांगायची तर 'ली' पुन्हा घाला. 'ओना ली मोकू ली लापे': ती जेवते, झोपते. आपण "जेवून झोपते" म्हणतो, ते 'ऊन' तिथे नाही.

दुसरी शिवण 'ए', आणि तुमची चूक तिथेच झाली. ती का झाली याचा मी विचार केला. मराठीत सजीव कर्माला आपण 'ला' लावतो आणि वस्तूला बहुतेक वेळा काहीच लावत नाही. "मुलीला बघते" म्हणतो, पण "भात खाते." 'भाताला खाते' कोणी म्हणत नाही. तुम्ही 'मुलीला बघते' लिहायला बसला असता, तर 'ला'साठी काहीतरी शोधलं असतं आणि 'ए' सापडला असता. भात कोरडाच होता, म्हणून तुम्हाला काही कमी पडतंय असं वाटलंच नाही. तोकी पोनाला सजीव-निर्जीव असा भेद नाही. क्रिया ज्याच्यावर पडते त्याच्याआधी 'ए' येणारच. 'यान लिली ली लुकिन ए सोवेली': लहान मूल प्राण्याला बघतं. 'लुकिन' म्हणजे बघणं, 'सोवेली' म्हणजे मांजर-कुत्र्यासारखा प्राणी. आता उलटं करा. 'सोवेली ली लुकिन ए यान लिली.' आता मांजर मुलाला बघतंय! मराठीत दोनदा फिरवून जे बदललं नाही, ते इथे एकदा फिरवल्यावर पार पालटलं.

आता 'ला'कडे या, कारण पुढचा खड्डा तिथे आहे. आपला 'ला' दोन कामं करतो. "मुलीला बघितलं" यातला 'ला' म्हणजे तिथला 'ए'. पण "मुलीला कापड दिलं" यातला 'ला' वेगळा: दिलं ते कापड, आणि ते गेलं मुलीकडे. इथे कापडाला 'ए' आणि मुलीला 'तावा', म्हणजे 'कडे'. 'मी पाना ए लेन तावा यान लिली मी.' 'पाना' म्हणजे देणं, 'लेन' म्हणजे कापड. दुसऱ्या 'ला'लासुद्धा 'ए' लावलात तर तुम्ही कापडही देऊन टाकलं आणि मुलगीही! आणि तिसरी गंमत, तोकी पोनात स्वतःचाच एक 'ला' आहे, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही. तो पुढे सांगते. मराठी वाचणारा डोळा त्याला आपला 'ला' समजून मागच्या शब्दाला चिकटवतो, जसा तुमच्या डोळ्याने 'आला' वाचला आणि भाऊ धारवाडला पोचला. त्यावर माझा एक साधा उपाय आहे. वहीत वाक्य लिहिताना 'ली', 'ए', 'ला' हे तीन लाल पेनने लिहा. कच्चा धावदोरा घालतो ना, तसा. शिवण पक्की बसली की धावदोरा काढून टाकायचा.

'तावा' आला आहे तर त्याचंही सांगून ठेवते. 'तावा' म्हणजे जाणंसुद्धा. 'मी तावा तोमो' म्हणजे मी घरी जाते. इथे 'ए' नको. सवयीने 'मी तावा ए तोमो' लिहिलंत तर अर्थ होतो, मी घर हलवते. घर जागचं उचलून दुसरीकडे नेते! 'कडे', 'मध्ये', 'पासून' हे आपल्याकडे शब्दाच्या मागे येतात. तिथे ते पुढे उभे राहतात: 'तावा तोमो', 'लोन तोमो', 'तान तोमो', म्हणजे घरी, घरात, घरून.

विशेषणाची बाजूही उलटी आहे. आपण "तांबडी माती" म्हणतो, कन्नडमध्येही रंग आधी येतो. तोकी पोनात वस्तू आधी, गुण मागून: 'मा लोये', जमीन तांबडी. "माझं घर" म्हणजे 'तोमो मी'. गावाचं नावही असंच मागून येतं. आपलं बेळगाव 'मा तोमो पेलाकावी' होईल, कारण त्या भाषेत ब आणि ग हे वर्ण नाहीत. सगळी मिळून १४ अक्षरं, पाच स्वर आणि नऊ व्यंजनं. जाता जाता सांगते, जोडाक्षरातला दुहेरी 'न' चालत नाही आणि ड चा त होतो, म्हणून माझ्या हिशेबाने कन्नड भाषेचं नाव 'तोकी कानाता' पडेल. आणि कॅनडा देशाला तोकी पोनात म्हणतात 'मा कानाता'. ही भाषा ज्यांनी बनवली त्या सोन्या लँग कॅनडाच्याच. सीमाभागात राहणाऱ्या मला हा योगायोग फार गोड वाटतो. पुढचा शब्द 'तोकी' आहे की 'मा', एवढ्यावर भाषा आणि देश वेगळे ओळखू येतात.

एका वस्तूला दोन गुण लावले की मात्र सावध राहा. शहापुरात साडी घ्यायला जाताना आपण म्हणतो "नव्या साड्यांचं दुकान", नाहीतर "साड्यांचं नवं दुकान". नवी काय, साडी की दुकान, हे 'नव्या' आणि 'नवं' यावरूनच कळतं. तोकी पोनात 'नवं'चं रूप एकच, 'सिन'. 'एसून' म्हणजे दुकान. 'एसून लेन' म्हणजे कापडदुकान. 'एसून लेन सिन' लिहिलं की शेवटचा शब्द आधीच्या सगळ्याला लागतो, म्हणजे कापडदुकान नवं. कापड नवं असेल, तर कापड आणि नवं यांची आधी गाठ मारून मग ती दुकानाला जोडायची, आणि ती गाठ म्हणजे 'पी'. 'एसून पी लेन सिन', नव्या कपड्यांचं दुकान. तुमच्या मशीनजवळ दोन्ही लिहून चिकटवा आणि दिवसभर येता-जाता वाचा.

एवढं शिकल्यावर सगळ्यांकडून होणारी चूक अशी, की 'पी' म्हणजे आपला 'चा-ची-चे' असं वाटायला लागतं. मग 'तोमो पी मी' लिहिलं जातं. ते चुकीचं आहे. 'पी'च्या मागून निदान दोन शब्द हवेत. गाठ मारायला दोन टोकं लागतात. एकच शब्द असेल तर तो नुसता मागे ठेवायचा: 'तोमो मी', 'मामा सिना'.

आता जिथे मराठी माणूस खरा दमतो ती जागा, लांब वाक्य. तुमच्यासारखी बाई लेकीला रोज काय लिहील? "काल बाजारातून येताना पावसात भिजलेली तुझी मावशी आज आजारी आहे." मराठीत हे एका दमात येतं. तोकी पोनात असं वाक्य शिवायला जाऊ नका, उसवेल. 'येताना' नाही, 'भिजलेली' नाही. मग काय करायचं? घडलं त्या क्रमाने सुटे तुकडे सांगायचे. मावशी बाजारातून आली. पाऊस आला. तिचे कपडे भिजले. आता तिचं अंग बरं नाही. झाली चार वाक्यं:

'तेनपो पिनी ला यान सामा मी ली कामा तान एसून. तेलो सेवी ली कामा. लेन ओना ली कामा तेलो. तेनपो नी ला सियेलो ओना ली इके.'

'यान सामा मी' म्हणजे माझं भावंड. बहीणच आहे हे सांगायचं तर 'सामा'च्या मागे 'मेली' घाला. 'तेलो सेवी' म्हणजे वरचं पाणी, पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाला यापेक्षा नेमकं नाव नको. 'कामा तेलो' म्हणजे पाणी-पाणी होणं, भिजणं. 'सियेलो' म्हणजे शरीर, 'इके' म्हणजे वाईट. 'तेलो' वाचून तेल आठवतं आणि 'तेनपो' वाचून टेंपो, पण एव्हाना तुम्हाला डोळ्याची खोड माहीत झाली आहे.

सोन्या लँग यांनी ही भाषा २००१ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवली आणि २०१४ मध्ये तिचं पुस्तक काढलं, सुमारे १२० शब्दांचं. गुंतलेला विचार सुटा करावा, त्यात मुळात काय आहे ते बघावं, ही त्यामागची इच्छा. 'पोना' या शब्दाचा अर्थच चांगलं आणि साधं, दोन्ही. म्हणून वाक्य तोडावं लागतं याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मते या भाषेची खरी कमाई तीच आहे. मराठी वाक्य समोर ठेवून त्याचा शब्दाला शब्द लावत बसू नका. डोळे मिटून आधी बघा, कोण आहे आणि काय झालं. मग तेवढंच लिहा.

वरच्या चार वाक्यांत दोनदा 'ला' आला तो हा तिसरा 'ला'. त्याच्या आधीचा भाग म्हणजे प्रसंग: केव्हा, कशात, कधी तर. मग मूळ वाक्य. काळ क्रियापदात नसतो, तो असा बाहेर ठेवतात. 'तेनपो पिनी ला' म्हणजे मागे, झालं त्या वेळी. 'तेनपो कामा ला' म्हणजे पुढे. आपल्या 'तर'सारखाही तो चालतो. 'सिना कामा ला पिलिन मी ली पोना': तू आलीस की माझ्या जिवाला बरं वाटतं. 'पिलिन' म्हणजे मनातली भावना.

प्रश्न आणि नकार यांत मात्र आपण जन्मतः तयार आहोत. आपण "जेवत नाही" म्हणतो, नाही मागून येतं. तिथेही 'मोकू आला'. "काय खाल्लंस?" म्हणताना 'काय' हा भाताच्याच जागी बसतो. तिथेही तसाच बसतो: 'सिना मोकू ए सेमे?' हो-नाहीचा प्रश्न तर इतका आपला आहे की मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मोठ्याने म्हणून बघितला. क्रियापद, 'आला', पुन्हा क्रियापद. "जेवलीस की नाही जेवलीस?" उत्तरही आपल्यासारखं. आईने "जेवलीस?" विचारल्यावर आपण "जेवले" म्हणतो, क्रियापदानेच उत्तर देतो. तिथे 'हो' असा शब्दच नाही. जेवलं असेल तर 'मोकू', नसेल तर 'मोकू आला' किंवा नुसतं 'आला'.

'ओ'सुद्धा घरचाच. "या की ओ", "जेवा की ओ" म्हणणाऱ्या आपल्या भागाला तो शिकवायला नको. नावामागे आला तर हाक, क्रियापदाआधी आला तर सांगणं. 'ओ मोकू' म्हणजे जेव.

म्हणजे परवाचा निरोप आता तुम्हाला वाचता येतो, ताई. 'मामा ओ, सिना मोकू आला मोकू?' धारवाडहून लेक विचारतेय, आई, जेवलीस की नाही? दोन दिवस तो प्रश्न तुमच्या फोनमध्ये पडून आहे.

आज रात्री मशीन झाकलंत की हे पाठवा. यात 'य' कुठेच नाही, त्यामुळे रोमन अक्षरांत टाइप करताना अडणार नाही. एरवी तिथे 'जे' हे अक्षर 'य' वाचायचं, तेवढं लक्षात ठेवा. 'विले' म्हणजे हवंसं वाटणं, आणि ते बघण्याच्या आधी येतं.

'मोकू. मी मोकू ए पान. सिना मोकू ए सेमे? मी विले लुकिन ए सिना.'

जेवले. मी भात खाल्ला. तू काय खाल्लंस? मला तुला बघावंसं वाटतंय.